राजदरबार आणि लोकसमूह : राजर्षी शाहूंच्या कारभारातील एका रीतीचा अभ्यास
(एस. वाय. बी. ए.)

गेल्या सत्रात राज्यशास्त्राच्या तासाला आम्हाला 'हितसंबंधी गट व दबावगट' हे प्रकरण होते. सरांनी फळ्यावर दोन चौकोन काढले. डावीकडच्या चौकोनात कामगार संघटना, व्यापारी मंडळे, शेतकरी, वकील, शिक्षक, विद्यार्थी अशी नावे लिहिली. उजवीकडच्या चौकोनात एकच शब्द लिहिला : सरकार. मग डावीकडून उजवीकडे जाणारा एक बाण काढून त्यावर निवेदन, शिष्टमंडळ, मोर्चा, बंद अशी साधने लिहिली. तास संपत आला तेव्हा आमच्या वर्गातील एका मुलीने विचारले, "सर, बाण उलटा कधीच जात नाही का?"

सरांना प्रश्न आवडलेला दिसला. त्यांनी अमेरिकेचे उदाहरण दिले. तेथे १९७४ साली अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्या काळात व्हाइट हाउसमध्ये यासाठी एक स्वतंत्र कार्यालयच उघडण्यात आले. कामगार संघ, उद्योगपती, स्त्रियांच्या संघटना, निरनिराळे वंशगट व धर्मसंस्था यांच्याशी अध्यक्षांच्या वतीने संबंध राखणे, त्यांना बोलावून घेणे, त्यांचे म्हणणे आत पोचवणे आणि अध्यक्षांचे म्हणणे त्यांच्या गळी उतरवणे हे त्या कार्यालयाचे काम. पुढे त्याचे नाव बदलले, पण काम चालू राहिले. म्हणजे बाण उलटाही जातो. तो का जातो हे मात्र सरांनी आम्हालाच शोधायला सांगितले.

उदाहरण शोधायला मला फार लांब जावे लागले नाही. मी ज्या रस्त्याने रोज कॉलेजला येतो तो दसरा चौकातून जातो. तेथे राजर्षी शाहू महाराजांचा पुतळा आहे, आणि त्याच परिसरात मुस्लिम बोर्डिंग आहे, जैन बोर्डिंग आहे. कोल्हापुरात एवढ्या जातींची एवढी बोर्डिंगे का, हा प्रश्न नवख्या माणसाला पडतो. आम्हाला तो पडत नाही, कारण सवयीची वस्तू दिसत नाही. मी स्वतः अशाच एका वसतिगृहात राहून शिकतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलेले नाही. तेव्हा हा विषय माझ्यासाठी केवळ परीक्षेपुरता नव्हता हे वाचकांनी समजून घ्यावे.

शाहू महाराजांनी २ एप्रिल १८९४ रोजी कोल्हापूरच्या कारभाराची सूत्रे हाती घेतली. वय अवघे एकोणीस, म्हणजे माझ्याएवढेच! त्या वेळी राज्याच्या सामान्य प्रशासनात ७१ अधिकारी होते, त्यांपैकी ६० ब्राह्मण. सुमारे ५०० कारकुनी जागांपैकी ब्राह्मणेतर केवळ १०. हे आकडे आता सर्वांच्या परिचयाचे आहेत आणि जयंतीच्या भाषणांत ते हमखास येतात. पण दबावगटाच्या दृष्टीने ते वाचले तर त्यातून एक निराळी गोष्ट कळते. राजाच्या कचेरीत कोणाचा अर्ज पोचणार, कोणत्या भाषेत पोचणार आणि त्यावर शेरा काय पडणार, हे सर्व एकाच समाजाच्या हाती होते. बाकीच्या रयतेला गाऱ्हाणे नव्हते असे नाही. ते लिहायला माणूस नव्हता. लिहिलेच तर वाचणारा परका होता. अशा राज्यात हुजुरांनी नुसते दार उघडून बसावे आणि लोक येतील म्हणावे, तर येणार कोण? जे आधीपासून दारातच उभे होते ते!

सर्व गट सारखेच मुके होते असेही समजू नये. व्यापाऱ्यांचे उदाहरण घ्या. १८९५ साली महाराजांनी गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी ही नवी पेठ वसवली. व्यापाऱ्यांना जागा व सवलती देऊन बोलावून घेतले. व्यापारी आले, पेठ नांदू लागली. माझे आबा हंगामात गुऱ्हाळघरावर चुलवाणापाशी काम करतात. गुळाचे रवे गाडीत भरून कोल्हापूरला पाठवायचे हे आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या चाललेले आहे. या पेठेचा फायदा शेतकऱ्यालाही झाला यात शंका नाही. पण व्यापाऱ्यांशी बोलणे करणे कोणत्याही राज्यकर्त्याला सोपे जाते. त्याला आपला फायदा कळतो, मागणी आकड्यांत मांडता येते. खरी परीक्षा ज्यांना मागणीच मांडता येत नाही त्यांच्यापाशी होते.

ती परीक्षा पहिल्या खेपेस महाराज नापास झाले. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते आणि ती आपण पुरेशी सांगत नाही. १८९६ साली त्यांनी राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी सर्व जातींना खुले असे एक वसतिगृह काढले. हेतू उदार होता. कोणालाही मज्जाव नव्हता. आणि थोड्याच काळात त्यात फक्त ब्राह्मण विद्यार्थी राहिले. कोणी कट केला असे मानण्याचे कारण नाही. कॉलेजपर्यंत पोचलेले विद्यार्थी मुख्यत्वे तेच होते. चालक त्यांचे, स्वयंपाकाचे सोवळे-ओवळे त्यांचे. खेड्यातून आलेल्या कुणब्याच्या पोराला तेथे ताट कोठे मांडायचे हाच प्रश्न पडला असेल. मी पहिल्यांदा वसतिगृहात आलो तेव्हा मला मेसची थाळी धुवायची जागा विचारायचा धीर दोन दिवस झाला नव्हता. तेथे माझा अपमान कोणीच केला नाही. तरी मी भिंतीला चिकटून उभा होतो. म्हणून १८९६ चे ते वसतिगृह ओस का पडले हे मला पुस्तकाशिवाय समजते.

यानंतर महाराजांनी पद्धत बदलली. 'सर्वांनी यावे' हे सोडून ते एकेका समाजाकडे गेले. १८ एप्रिल १९०१ रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंग. मग लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य मानलेले समाज, दैवज्ञ, शिंपी, पांचाळ, सारस्वत, कायस्थ प्रभू, वैश्य, ख्रिस्ती, ढोर-चांभार असे करीत त्यांच्या हयातीत कोल्हापुरात वीसच्या आसपास वसतिगृहे उभी राहिली. नाशिक, पुणे, नगर येथल्या वसतिगृहांनाही त्यांनी हातभार लावला. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळे.

आता यात राजाच्या कचेरीची रीत काय होती ती पाहू. बोर्डिंग हे सरकारी खाते नव्हते. सरकारने जागा द्यावी, इमारतीला मदत करावी, दरसाल अनुदान द्यावे. पण चालवायचे त्या त्या समाजाने. म्हणजे समाजाला आधी एकत्र बसावे लागले. अध्यक्ष निवडावा लागला, सेक्रेटरी नेमावा लागला, वर्गणी गोळा करावी लागली, हिशेबाची वही ठेवावी लागली. जैनांची संघटना आधीपासून होती. दक्षिण महाराष्ट्र जैन सभा १८९९ साली स्थापन झाली होती, त्यामुळे त्यांचे काम लवकर मार्गी लागले. ज्यांच्याकडे असे काही नव्हते त्यांना बोर्डिंगच्या निमित्ताने ते करावे लागले. मुलांच्या भाकरीची सोय झाली ती झालीच, पण त्याबरोबर प्रत्येक समाजाला एक बैठकीची जागा, एक पत्ता आणि पत्रावर सही करणारा एक माणूस मिळाला. पुढच्या वेळी तो समाज राजाकडे आला तो हात जोडून आलेला जमाव म्हणून आला नाही, संस्था म्हणून आला. माझ्या मते वसतिगृहांच्या चळवळीचे हे अंग शैक्षणिक अंगाइतकेच मोठे आहे.

मुसलमान समाजाच्या बाबतीत तर ही रीत अगदी उघड दिसते. कोल्हापुरातील मुसलमान बहुतांशी गरीब व शिक्षणात मागे. त्यांच्यातून कोणी पुढे येऊन संस्था काढील अशी वाट महाराजांनी पाहिली. कोणी येईना. तेव्हा १९०६ साली त्यांनी स्वतःच त्या समाजातील प्रमुख मंडळींची बैठक बोलावली, मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन करविली आणि तिचे अध्यक्षपद स्वतःकडे घेतले. एका हिंदू राजाने मुसलमानांच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष व्हावे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. सरांनी काढलेला बाण येथे केवळ उलटा गेला असे नव्हे, डावीकडचा चौकोनच राजाने काढून दिला!

१९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या कन्येचे नाव त्याला दिले होते. यात महाराजांचा धोरणीपणा दिसतो. गव्हर्नरांच्या मुलीचे नाव असलेल्या संस्थेला गावातल्या सनातन्यांनी उघड विरोध करायचा म्हणजे पंचाईतच.

नुसती मुले शिकवून भागणार नव्हते, शिकून ती जाणार कोठे? त्याची तजवीज आधीच करून ठेवलेली होती. महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी इंग्लंडला गेले असताना २६ जुलै १९०२ रोजी करवीर सरकारच्या गॅझेटमध्ये तो प्रसिद्ध हुकूम निघाला : रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निदान पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांतील लोकांना द्याव्यात. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी व इतर पुढारलेल्या जाती सोडून बाकी सर्व ते मागासलेले, अशी व्याख्याही त्यात होती. हे सर्वांना पाठ असते. त्यातील एक कलम मात्र कोणी सांगत नाही. ज्या कचेरीत मागासलेल्यांचे प्रमाण पन्नास टक्क्यांहून कमी असेल तेथे पुढची नेमणूक त्यांच्यातूनच करावी, आणि प्रत्येक खातेप्रमुखाने केलेल्या नेमणुकांचे पत्रक दर तिमाहीस सरकारात सादर करावे. हे तिमाही पत्रक मला फार आवडले. ज्याने कधी कचेरीत चकरा मारल्या आहेत त्याला कळेल की हुकूम निघणे ही अर्धीच गोष्ट असते. परिणाम असा की १९१२ पर्यंत अधिकाऱ्यांच्या ९५ जागांपैकी ब्राह्मण अधिकारी ३५ उरले होते.

कागदाची बाजू झाली. पण राजाची कचेरी म्हणजे केवळ कागद नव्हे. गंगाराम कांबळे यांची हकीकत कोल्हापुरात लहान मुलांनाही ठाऊक आहे. ते संस्थानच्या नोकरीत होते. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून सवर्ण नोकरांनी त्यांना मारले. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केले आणि गंगारामांना स्वतंत्र धंदा करायला सांगून मदत दिली. त्यांनी चहाचे दुकान काढले. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार? तर महाराज आपली गाडी दुकानासमोर थांबवून चहा मागवीत आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजीत. सह्यांसाठी कागद घेऊन येणाऱ्यांना ते त्या दुकानापाशीच गाठ म्हणत आणि आधी चहा पाजून मग सही करीत, असे जुने लोक सांगतात. यातला विनोद बाजूला ठेवला तरी राज्यकारभाराचे एक तंत्र त्यात आहे. सहीची गरज ज्यांना होती ते बहुधा वरच्या वर्गातले लोक. राजाने कचेरी काही घटका रस्त्यावर आणली आणि एका गटाला दुसऱ्या गटाच्या दुकानात बसवले. फर्मान काढून हे झाले नसते.

मंडळी म्हणतील, हे सगळे गुणगान झाले, दुसरी बाजू? ती आहेच, आणि लेख अभ्यासाचा म्हणायचा तर ती टाळता येणार नाही.

पहिली गोष्ट अशी की या संपर्कात राजाचाही स्वार्थ होता. १८९९ पासून वेदोक्ताचे प्रकरण पेटले होते. राजाला क्षत्रिय मानून वेदोक्त मंत्रांनी विधी करण्यास पुरोहितांनी नकार दिला, पुण्याची वर्तमानपत्रे त्यांच्या बाजूने उभी राहिली. कचेरीतला लिहिता-वाचता वर्ग विरोधात गेलेला राजा बाहेर आपली माणसे शोधणारच. ज्यांना त्याने उभे केले ते त्याच्या पाठीशी उभे राहिले. फोर्डसाहेबांच्या कार्यालयाचे आणि हुजूर कचेरीचे एवढे तरी नाते जुळते! पण स्वार्थ होता म्हणून काम खोटे ठरत नाही.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. जो राजा काहींचे ऐकतो तो काहींचे ऐकायचे नाही असेही ठरवतो. १९१८ साली महाराजांनी कुलकर्णी वतने बरखास्त करून पगारी तलाठी नेमले. त्याच वर्षी बलुतेदारी गेली, महारवतनाचा प्रश्न हाती घेतला, आणि गुन्हेगार समजल्या गेलेल्या जातींची रोजची हजेरी बंद झाली. कुलकर्ण्यांनी आरडाओरड केली, परिषदा भरवल्या, वर्तमानपत्रांतून लिहिले. गटाची संघटना, मागणी, प्रसिद्धी, आमच्या पाठ्यपुस्तकात असलेले सगळे तेथे होते. त्यांचे चालले नाही. मला वाटते तो निर्णय न्याय्य होता. गावचे दप्तर वंशपरंपरेने एका घरात असणे म्हणजे काय ते आमच्या आज्यापणज्यांनी भोगलेले आहे. तरीसुद्धा कुलकर्ण्यांनी दाद मागावी असे दुसरे ठिकाण त्या राज्यात नव्हते. निवडून आलेले विधिमंडळ नव्हते. राजा चांगला होता म्हणून निकाल चांगला लागला. तो वाईट असता तर? ६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. त्या दिवशी कोल्हापूरच्या कितीतरी घरांत हाच प्रश्न पडला असेल.

तिसरा आक्षेप जातवार वसतिगृहांवर नेहमी घेतला जातो : यामुळे जाती घट्ट झाल्या. आमच्या वर्गात यावर चांगलीच खडाजंगी झाली. माझे म्हणणे असे पडले की १८९६ चा अनुभव ज्याने घेतला त्याला दुसरा मार्ग कोणता होता? आंतरजातीय विवाहाला मान्यता देणारा कायदा याच राजाने केला, तेव्हा जाती राहाव्यात अशी त्याची इच्छा नव्हती. पण जे म्हणतात की शंभर वर्षांनंतरही पाट्या तशाच आहेत, त्यांना मला नीट उत्तर देता आले नाही हेही कबूल करतो.

या सर्वांत मला सर्वांत मोठा वाटणारा प्रसंग माणगावचा. २१ व २२ मार्च १९२० रोजी कागल जहागिरीतील माणगाव येथे अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष डॉ. भीमराव आंबेडकर. त्यांचे वय तेव्हा अठ्ठावीस. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात त्यांनी प्राध्यापकी केली होती. 'मूकनायक' पाक्षिक त्याच वर्षी ३१ जानेवारीला सुरू झाले होते व त्याला महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत दिली होती. महाराज माणगावच्या परिषदेला आले, आणि जमलेल्या लोकांना त्यांनी सांगितले की तुम्हाला तुमचा पुढारी तुमच्यातूनच मिळाला आहे. १९०६ साली मुसलमानांच्या संस्थेची खुर्ची स्वतः घेणारा राजा १९२० साली आपल्याच मुलुखात एका तरुणाच्या अध्यक्षतेखाली पाहुणा म्हणून बसला. पुढे मे महिन्याअखेर नागपूरच्या परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले खरे, पण तेथे बोलावणे धाडणारे त्या समाजाचेच पुढारी होते. चौदा वर्षांत केवढे अंतर कापले गेले!

आजच्या काळाकडे येतो. राजा गेला, संस्थान १९४९ साली मुंबई प्रांतात विलीन झाले, आणि १ मे १९६० पासून मुख्यमंत्र्यांचे कार्यालय हीच आपली हुजूर कचेरी. पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण आपल्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. 'बेरजेचे राजकारण' हा शब्द त्यांच्या नावाशी जोडलेला आहे आणि बेरीज करायची म्हणजे गटांकडे जावेच लागते. नंतरच्या सरकारांनी महामंडळांची वाट धरली. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ चे, अण्णाभाऊ साठे महामंडळ १९८५ चे, अण्णासाहेब पाटील महामंडळ १९९८ चे; आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात लिंगायत, गुरव, रामोशी व वडार समाजांसाठी आणखी चार महामंडळे जाहीर झाली. यादी वाचताना बोर्डिंगांची यादी आठवते. मात्र बोर्डिंगाची समिती समाजाची होती. महामंडळाचा अध्यक्ष मुंबईहून नेमला जातो. कधी मुख्यमंत्री स्वतःही गटाकडे जातात. १४ सप्टेंबर २०२३ रोजी एकनाथ शिंदे अंतरवाली सराटीच्या उपोषणमंडपात गेले होते. त्याआधी आंदोलन पेटावे लागले होते हेही खरे.

जे संघटित असतात ते टिकतात याचे ताजे उदाहरण आपल्या गावातच आहे. उच्च न्यायालयाचे खंडपीठ कोल्हापूरला व्हावे म्हणून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील वकील चार दशके मागणी करीत होते. किती मुख्यमंत्री आले नि गेले, किती शिष्टमंडळे मुंबईला जाऊन आली! शेवटी १८ ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंचचे काम येथे सुरू झाले. वकिलांना लिहिता येते, कायदा कळतो, बार असोसिएशनचे कार्यालय आहे. त्यांनाही चाळीस वर्षे लागली.

आणि ज्यांना कार्यालय नाही त्यांचे काय? येथे मला एक घरचा अनुभव सांगू द्यावा. आमची वाडी ओढ्यापलीकडे आहे. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की पोरांची शाळा बंद, दुधाचे कॅन अलीकडे अडकलेले. ओढ्यावर साकव व्हावा एवढी आमची मागणी. मी अकरावीला असताना एक मोठे पदाधिकारी दौऱ्यावर येणार असे कळले. वाडीत अकरावीपर्यंत शिकलेला मीच, म्हणून निवेदन मी लिहिले. चौदा माणसे टेम्पोने गेलो. सकाळी आठपासून दुपारी तीनपर्यंत विश्रामगृहाच्या फाटकाशी उभे राहिलो. शेवटी साहेब गाडीकडे जाताना थांबले, कागद हातात घेतला, फोटो निघाला, आणि कागद त्यांच्या स्वीय सहायकाकडे गेला. त्यांनी कागदाची मागची बाजू पाहिली आणि विचारले, "तुमच्या मंडळाचं लेटरहेड कुठाय? अध्यक्ष कोण?" आम्ही एकमेकांकडे पाहिले. आमच्यात अध्यक्ष कोणीच नव्हता. गाडी निघून गेली. परत येताना आबा टेम्पोत म्हणाले, "कागद दिलाय न्हवं, आता बघतील की." त्यानंतर तीन पावसाळे गेले. साकव झालेला नाही.

त्या स्वीय सहायकाचा मला तेव्हा फार राग आला होता. हा लेख लिहिताना जुनी पाने चाळली आणि रागाची दिशा थोडी बदलली. त्या गृहस्थाने विचारलेला प्रश्न व शाहू महाराजांच्या कचेरीने मुसलमान समाजाला विचारलेला प्रश्न एकच होता : तुमच्या वतीने बोलणार कोण? फरक पुढच्या पावलाचा आहे. एकाने उत्तर मिळाले नाही म्हणून गाडी सुरू केली. दुसऱ्याने उत्तर मिळाले नाही म्हणून बैठक बोलावली.

आमच्या वाडीत बैठक बोलवायला कोणी राजा येणार नव्हता. म्हणून या दिवाळीच्या सुट्टीत ती आम्हीच मारुतीच्या देवळात बोलावली. मी इतिवृत्ताची वही नेली होती. अध्यक्ष म्हणून काहींनी माझे नाव सुचवले. मी कोल्हापूरला राहतो, पावसाळ्यात ओढ्याकाठी नसतो, म्हणून नको म्हटले. मग वादावादी होऊन डेअरीला दूध घालणाऱ्या बायांपैकी एकीला अध्यक्ष केले. त्यांना सही येते, बाकी वाचता येत नाही. अकरा जणांची समिती झाली, तीत पाच बाया. वर्गणी माणशी वीस रुपये ठरली आणि त्या रात्री चोवीस जणांनी दिली. चारशे ऐंशी रुपये जमले ते वहीत मांडले. अक्षर माझे आहे, खाली सही अध्यक्षांची.